हिशेब कोणाला द्यायचा?

जालना, अंबड, परतूर, भोकरदन या भागात कोणत्याही सिनडला किंवा जुन्या मिशनला न जोडलेल्या ख्रिस्ती मंडळ्या आता जागोजाग आहेत. कुठे पत्र्याच्या शेडमध्ये, कुठे पास्टरच्या घराच्या पुढच्या खोलीत, कुठे शेतातल्या आखाड्यावर रविवारची उपासना भरते. ढोलकी, टाळ, एखादा कीबोर्ड, साक्षी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि मग संदेश. येणारी माणसे बहुतेक मजुरी करणारी, ऊसतोडीला जाणारी, लोखंडाच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी. कोणाची दारू इथे सुटली, कोणाचे मोडायला आलेले घर इथे सावरले. हे उभे करणाऱ्या सेवकांनी उपाशीतापाशी, जुन्या मोटारसायकलींवर गावे पालथी घालून, प्रसंगी मार खाऊन हे काम केले आहे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्या आदरापोटीच.

एका मंडळीच्या चार झाल्या, चाराच्या दहा झाल्या, की मूळ पास्टरच्या नावापुढे ‘बिशप’ किंवा ‘अपोस्टल’ लागते. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ज्यांना प्रेषित म्हटले आहे त्यांच्या कामाचा वारसा आपल्याकडे आहे, असा त्यामागचा दावा असतो. त्या दाव्याची ईश्वरविज्ञानातली चर्चा इथे करायची नाही. प्रश्न व्यवहाराचा आहे. ज्याला बिशप नेमत नाही, मंडळी निवडत नाही, सिनड बदली करत नाही, अशा पुढाऱ्याला जाब कोण विचारणार? यावर मिळणारे उत्तर ठरलेले आहे: आम्ही एकमेकांना विचारतो, आमची फेलोशिप आहे, वरती आमचे नेटवर्क आहे, आमचे ‘आत्मिक वडील’ आहेत.

ही पास्टर्स फेलोशिप जवळून पाहावी. महिन्यातून एकदा, आळीपाळीने एकेका मंडळीत ती भरते. गीते होतात, पाहुण्या सेवकाचा संदेश होतो, खांद्यावर हात ठेवून एकमेकांसाठी प्रार्थना होते, शेवटी भात-रस्सा. कोणाच्या उपासनेत गोंधळ घातला गेला, कोणाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवले, तर यातलेच दहा जण कामधंदा टाकून धावतात. एकट्यादुकट्या सेवकाला हा फार मोठा आधार आहे आणि तो कोणी हलका लेखू नये. पण या बैठकीत काय विचारले जात नाही तेही पाहिले पाहिजे. गेल्या वर्षी अर्पण किती जमले? ते कोणी मोजले? उपासनेची जागा मंडळीच्या नावावर आहे की पास्टरच्या बायकोच्या? अमक्या मुलीच्या आईवडिलांनी केलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले? हे प्रश्न मनात सगळ्यांच्या असतात. पण ज्याच्या घरी आज जेवलो त्याला उद्या माझ्या मंडळीत बोलवायचे आहे, त्याच्या कन्व्हेन्शनला मला वक्ता म्हणून जायचे आहे, आणि माझ्याही वहीत काही पाने कोरी आहेत. बरोबरीच्या माणसांमध्ये परस्परांची गरज जितकी जास्त, तितका प्रश्न विचारणे अवघड.

माझे म्हणणे एवढेच आहे की पुढाऱ्यांचे पुढाऱ्यांशी असलेले संबंध म्हणजे जबाबदारी नव्हे. त्या संबंधांनी पुढारी बळकट होतात. जबाबदारीची सुरुवात तेव्हा होते, जेव्हा ज्याच्या हातात काहीच सत्ता नाही असा माणूस उभा राहून विचारू शकतो, त्याला उत्तर मिळते, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे काहीतरी घडते. यातली तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन नुसत्या सौजन्याच्या.

पुढाऱ्यांनी पुढाऱ्यांनाच जबाबदार राहण्याचा प्रयोग अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. बोलिव्हियात मिशनरी राहिलेले आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत प्राध्यापक असलेले सी. पीटर वॅग्नर यांनी नव्वदच्या दशकात ‘नव्या प्रेषितीय’ चळवळीला नाव आणि सिद्धांत दिला. अधिकार समित्यांकडे नव्हे, व्यक्तींकडे असावा, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्यांच्या नेतृत्वाखाली प्रेषितांची आंतरराष्ट्रीय संघटना वाढली. प्रेषित एकमेकांना जबाबदार राहतील, असे सांगितले गेले. २००८ साली फ्लोरिडातल्या लेकलंडमध्ये टॉड बेंटली या तरुण प्रचारकाच्या सभांना तुफान गर्दी लोटली. चमत्कारांच्या दाव्यांवर आणि त्याच्या पद्धतींवर टीका सुरू झालीच होती. जून महिन्यात वॅग्नर आणि इतर नामवंत पुढारी लेकलंडच्या व्यासपीठावर गेले, बेंटलीवर हात ठेवले आणि आता हा आमच्या देखरेखीखाली आहे असे जाहीर केले. ऑगस्टमध्ये बेंटलीचे लग्न मोडत असल्याचे आणि सहकारी स्त्रीशी त्याचे अनुचित संबंध असल्याचे बाहेर आले. सभा संपल्या. नेटवर्कने त्या माणसाला दिली ती प्रतिष्ठा. तपासणी त्याच्या वाट्याला आलीच नाही. ज्यांनी हात ठेवले ते त्याच्या मंडळीत राहत नव्हते, त्याच्या घरी जात-येत नव्हते, त्याचे खाते त्यांनी पाहिले नव्हते. हजारो मैलांवरच्या ‘आत्मिक वडिलांना’ जेवढे दाखवले जाईल तेवढेच दिसते. घनसावंगीच्या पास्टरचे वडील हैदराबादला किंवा टेक्सासला असले तर वेगळे काय होणार?

आणि प्रतिष्ठित मंडळ असूनही हेच होते. मद्रासमध्ये जन्मलेले रवी झकरायस जगभर गाजलेले व्याख्याते होते. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे नमूद झाले. त्यांच्या हयातीत एका स्त्रीने तक्रार केली होती, तेव्हा संस्था त्यांच्यामागे उभी राहिली होती. त्या संस्थेचे संचालक कोण आहेत ही नावे जाहीर केली जात नव्हती. तक्रार करणाऱ्या बाईने दार ठोठवायचे तरी कोणाचे?

ज्या प्रेषितांचे नाव सांगून हे सारे चालते, त्यांचा व्यवहार मात्र वेगळा होता. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात पहिली आर्थिक तक्रार येते. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ती कुरकुर होती. बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना बंडखोर ठरवले नाही, ‘अभिषिक्तावर बोट दाखवू नका’ असे बजावले नाही. त्यांनी शिष्यांचा सगळा समुदाय बोलावला आणि तुम्हीच सात माणसे निवडा असे सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती त्याच गटाच्या वळणाच्या माणसांच्या हाती कोठाराची किल्ली गेली. आपल्याकडे ही गोष्ट डीकनांच्या दीक्षेच्या वेळी वाचली जाते आणि तिच्यातली सत्तेची अदलाबदल नजरेआड राहते.

पौलाचेही तसेच. अंत्युखियाच्या मंडळीने त्याला आणि बर्णबाला पाठवले. फेरी संपवून ते परत आले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी काय केले तर मंडळीला एकत्र करून सगळा वृत्तान्त सांगितला. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करायची वेळ आली तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो बजावून सांगतो की बरोबर येणारा भाऊ मंडळ्यांनी नेमलेला आहे, आणि हे अशासाठी की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. नेमणूक मंडळ्यांनी केली, पौलाने नव्हे. आणि पेत्र अंत्युखियात भेदभावाने वागला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांच्या देखत अडवले, ही हकिकत गलतीकरांच्या पत्रात आहे. त्या काळी प्रेषितांमध्ये फेलोशिप नव्हती असे नाही. पण त्या फेलोशिपमध्ये अडवण्याची मुभा होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण आजच्या दुखण्याचे एक मूळ इथल्याच जमिनीत आहे.

नारायण शेषाद्री हे नाव जालन्याच्या ख्रिस्ती इतिहासात पहिले. ब्राह्मण कुटुंबातला हा तरुण १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाला. त्याच्या लहान भावाचे, श्रीपतचे, प्रकरण न्यायालयात गेले, मुलगा आईवडिलांकडे परत दिला गेला, आणि त्याला जातीत घ्यावे की नाही यावरून पुण्या-मुंबईत रण माजले. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले ते याच वेळी. शेषाद्रींना १८५४ मध्ये दीक्षा मिळाली, आणि पुढच्या दशकात त्यांनी निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी असलेले जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या राजवटीकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. ब्राह्मण घरात वाढलेल्या या माणसाकडे आली ती मुख्यतः मांग समाजाची माणसे. त्या काळात एका ब्राह्मणाने मांगवाड्यातल्या माणसांबरोबर एका पंगतीत बसून आयुष्य काढणे ही केवढी गोष्ट होती हे मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

संपर्कांच्या बाबतीत शेषाद्रींची बरोबरी आजचा कोणता ‘अपोस्टल’ करील असे मला वाटत नाही. स्कॉटलंडमध्ये त्यांची भाषणे झाली. १८७३ साली न्यूयॉर्कमध्ये इव्हॅंजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली तेव्हा पांढरा फेटा बांधलेला हा वक्ता तिथल्या लोकांच्या डोळ्यांत भरला. पण ते एकटे नव्हते. प्रेस्बिटेरियन शिस्तीत पाळकाच्या बाजूला मंडळीतले वडील बसतात, त्यांच्या सभेचे इतिवृत्त लिहिले जाते, आणि ते इतिवृत्त वरची प्रेस्बिटरी तपासते. पाळकाविरुद्धची तक्रार कुठे न्यायची याची वाट आखलेली असते. १८९१ साली शेषाद्री गेले तेव्हा काम कोलमडले नाही, ते या चौकटीमुळे. संस्थापक गेल्यावर काय होते याचे वेगळे उदाहरणही याच जिल्ह्याच्या सुपुत्राच्या संप्रदायात आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मठ आणि महंत यांचे जे जाळे विणले तसे महाराष्ट्रात क्वचितच कोणी विणले असेल. तरी समर्थांच्या मागे चाफळच्या कारभारावरून शिष्यांतच कटकट लागली आणि छत्रपती संभाजी महाराजांना त्यात लक्ष घालावे लागले. गुरूच्या शब्दावर चालणाऱ्या व्यवस्थेत गुरू नसताना अखेरचा शब्द कोणाचा, हा प्रश्न धर्माधर्मांत वेगळा नसतो.

पण मिशनच्या व्यवस्थेत एक खोल दोष होता, आणि तो आपण नीट तपासलेला नाही. इतिवृत्ते होती, वार्षिक अहवाल होते, पै-पैचा हिशेब होता. तो जात होता एडिंबरोला. अमेरिकन मराठी मिशनचा हिशेब अहमदनगरहून बॉस्टनला जात होता. पैसे जिथून येत, हिशेब तिथे जाई. ज्या गावकऱ्याच्या नावाने ते पैसे मागितले गेले त्याला तो कागद कधी दिसला नाही, दिसला तरी तो इंग्रजीत असे. गावच्या शिक्षक-उपदेशकाचा पगार मिशन देई, त्याची बदली मिशन करी, आणि तो चुकला तर मंडळी साहेबाकडे अर्ज करी. आमच्या वाडवडिलांनी शिस्त पाहिली, पण ती नेहमी वर तोंड केलेली पाहिली. हिशेब म्हणजे साहेबाला द्यायची वस्तू, हे त्यातून मनात बसले. पुढे साहेब मायदेशी गेला आणि हिशेब मागणाराच उरला नाही.

आज मराठवाड्यातला स्वतंत्र पास्टर स्वतःला मिशनच्या गुलामीतून मुक्त समजतो. त्याचा व्यवहार मात्र त्याच दिशेने तोंड करून आहे. बाप्तिस्म्यांचे फोटो, वाटलेल्या शिलाई मशीनचे फोटो, रांगेत बसवलेल्या मुलांचे फोटो मोबाइलवरून देणगीदाराकडे जातात. फोटोत जी बाई हात जोडून उभी आहे तिला तो फोटो कुठे गेला, त्यावर किती आले, हे माहीत नसते. २०२० च्या परकीय निधी कायद्यातील दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देणे बंद झाले, सगळा परकीय निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतूनच घेणे सक्तीचे झाले, आणि खेडोपाडी झिरपणारे ते पैसे मोठ्या प्रमाणात आटले. सरकारचा हेतू काहीही असो, त्याचा एक परिणाम असा की गावची मंडळी आता पुन्हा आपल्याच लोकांच्या अर्पणावर उभी राहते आहे. हीच दिशा बदलण्याची वेळ आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात याची जाण आधी कोणाला नव्हती असे नाही. पंडिता रमाबाईंची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. त्या पत्रांत रमाबाई सांगतात की विवेकबुद्धी मी कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन करणार नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायला मी आलेली नाही. पुष्कळांना ही बाई बेलगाम वाटली. पण त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या आधाराने, आणि इकडे सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी ख्रिस्ती नसलेली, उघडपणे मतभेद असणारी माणसे होती. १८९३ साली धर्मांतराच्या वादातून त्यांनी जाहीर राजीनामे दिले. रमाबाईंना त्याचा त्रास झाला, मुली काढून नेल्या गेल्या. तरीही हे मंडळ नाममात्र नव्हते एवढे त्यातून सिद्ध होते, कारण ज्या मंडळाचे सभासद जाहीरपणे बाहेर पडू शकतात ते मंडळ खरे.

रमाबाईंनी दोन गोष्टींत जो फरक केला तो आपल्या पुढाऱ्यांनी पुसून टाकला आहे. आज्ञापालन वेगळे आणि हिशेब देणे वेगळे. ‘आत्मिक वडील’ आणि ‘आच्छादन’ या नावांखाली जे चालते ते आज्ञापालन असते. खालच्याने वरच्याला विचारून लग्न ठरवायचे, विचारून नोकरी बदलायची, दशमांशाचा दशमांश वर पाठवायचा. वरचा मात्र खालच्याला काही देणे लागत नाही. ही जबाबदारी उलट्या पायांची आहे. मंडळीने पुढाऱ्याला जाब द्यायचा नसतो. पुढाऱ्याने मंडळीला द्यायचा असतो.

ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, परक्या पैशावर आणि परक्या हुकुमावर चालणारे काम संपावे, ही त्यांची तळमळ होती. ती तळमळ माझ्या मते आमच्या समाजाने अनुभवलेली सर्वांत मोठी. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार विरला. त्यांची भजने राहिली, घराघरांत राहिली. संस्था राहिली नाही. कविमनाच्या माणसाला घटना, नियम, सभासदांची यादी यांचा कंटाळा असतो हे समजण्यासारखे आहे. पण परक्या हुकुमाच्या जागी काय बसवायचे, हा प्रश्न त्यांनी उभा केला आणि आपण तो शंभर वर्षे तसाच ठेवला.

जुन्या चर्चांनी तरी तो सोडवला का? नाही, आणि हे सांगितले नाही तर लेख एकतर्फी होईल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनच्या परंपरेतल्या मराठी मंडळ्या त्यात आल्या. कागदावर पास्टोरेट कमिटी आहे, धर्मप्रांताची परिषद आहे, सिनड आहे, सामान्य सभासदांना मत आहे. आणि मिशनच्या काळातल्या मोक्याच्या जागांवरून गावोगाव खटले आहेत. गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीच्या विलीनीकरणावरून सर्वोच्च न्यायालयाला २००५ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये निकाल द्यावा लागला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० बाजूला सारून ट्रस्टची मालमत्ता नुसत्या ठरावाने दुसरीकडे नेता येत नाही, हा त्यांचा मथितार्थ. २०२२ च्या सप्टेंबरात जबलपूरच्या बिशपांच्या घरावर मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने छापा घातला, दीड कोटीहून जास्त रोकड मिळाल्याचे सांगितले गेले, अटक झाली. ते त्या वेळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे मॉडरेटर होते. खटल्याचे जे होईल ते होईल. पण तक्रार समितीकडून सिनडकडे जाण्याऐवजी पोलिसांकडे गेली, यातच आतल्या वाटा बुजल्याची कबुली आहे. चौकट आहे आणि तिच्यात बसलेले सगळे एकाच माणसाच्या नेमणुकीवर अवलंबून आहेत, तर तीही नेटवर्कच होते.

इथपर्यंत वाचून एखादा पास्टर म्हणेल, ठीक आहे, मंडळीला मताचा अधिकार देतो. पण मंडळी कोण? हा प्रश्न मराठवाड्यात फार अवघड आहे आणि तो बाहेरच्यांना कळत नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. मांगवाड्यातली बाई दर रविवारी उपासनेला येते, पण मुलाची शिष्यवृत्ती आणि वसतिगृह जातीच्या दाखल्यावर आहे, म्हणून तिचे नाव मंडळीच्या रजिस्टरात नाही. जिचे नाव यादीत नाही तिला वार्षिक सभेत मत नाही. मत नाही म्हणून पास्टर तिला काही विचारत नाही. अशा रीतीने राज्याने केलेला एक अन्याय मंडळीच्या आतला अन्याय पोसतो, आणि यादी नसणे पुढाऱ्याच्या पथ्यावर पडते. म्हणून मला वाटते की जुन्या चर्चची सभासद-मतदानाची पद्धत जशीच्या तशी उचलून इथे चालणार नाही. नाव लिहिल्याशिवायही हिशेब ऐकवता येतो. जी बाई मुठीचे धान्य डब्यात टाकते तिला त्या डब्याचे काय झाले हे ऐकण्याचा हक्क टाकण्यातूनच मिळतो, रजिस्टरातून नव्हे.

दुसरी हरकत भीतीची आहे आणि ती खरी आहे. आधीच धर्मांतराच्या आरोपांनी वातावरण तापलेले. वह्या उघड केल्या तर विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल, असे सेवक म्हणतात. मी ही भीती क्षणभरही खोटी मानत नाही. उपासना बंद पाडणाऱ्यांना कागद लागत नाही, अफवा पुरते. पण पोलीस ठाण्यात पास्टरला बसवल्यावर पहिला प्रश्न पैशाचा येतो. ज्याच्याकडे बँकेचे खाते मंडळीच्या ट्रस्टच्या नावावर आहे, लेखापरीक्षण झालेले आहे, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांचे बदल अहवाल वेळेवर दाखल आहेत, तो माणूस वकिलासमोर आणि न्यायालयासमोर ताठ उभा राहतो. ज्याचे सगळे व्यवहार स्वतःच्या खात्यातून आहेत त्याच्या बचावाला फेलोशिपचे दहा जण येतात खरे, पण त्यांना काय सांगायचे हेच माहीत नसते. शिवाय भीतीचे कारण पुढे करून जे आपल्याच मंडळीपासून लपवले जाते त्याचा विरोधकांशी काही संबंध नाही.

मग करायचे काय? फेलोशिप मोडायची नाही. तिने सभासदत्वाला अट घालायची. अर्पणाची थैली उपासना संपताच तिथेच, सगळ्यांसमोर, पास्टरच्या घरातले नसलेले दोघे मोजतील आणि आकडा मोठ्याने सांगतील. जिथे बायकांची संख्या जास्त आहे तिथे त्यातली एक तरी बाई असेल. बाहेरून आलेली मदत, मग ती मुंबईहून असो की परदेशातून, मराठीत वाचून दाखवली जाईल. जागा आणि वाहन कोणाच्या नावावर आहे हे वर्षातून एकदा सांगितले जाईल. कापणीच्या सणाला लोक कोंबडी, भोपळा, पायली-दोन पायली ज्वारी आणतात, लिलाव पुकारला जातो, शंभराचा भोपळा पाचशेला जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. तो दिवस हिशेबाला सर्वांत चांगला, कारण त्या दिवशी देणाऱ्याला आपण देणारे आहोत हे ठाऊक असते.

पैशापेक्षा अवघड भाग तक्रारीचा. पास्टरविरुद्धची तक्रार पास्टरांनीच ऐकायची ही पद्धत बंद झाली पाहिजे. तालुक्याच्या फेलोशिपने पाच जणांचे मंडळ करावे. त्यात सेवक दोनच असावेत, बाकी शिक्षक, परिचारिका, निवृत्त कर्मचारी, वकील असे मंडळीतले विश्वासू स्त्री-पुरुष, आणि त्यातल्या दोघी तरी स्त्रिया. त्यांची नावे आणि फोन प्रत्येक मंडळीच्या भिंतीवर लावलेले असावेत. मूल किंवा बाई यांच्यावर अत्याचाराची तक्रार असेल तर मंडळाने चौकशीत वेळ न घालवता पोलिसांकडे जावे. लहान मुलांच्या बाबतीत तो २०१२ च्या पॉक्सो कायद्याने घातलेला बंध आहे, आणि ‘आपापसात मिटवू’ म्हणणाराही त्या कायद्याखाली अडचणीत येतो. बाकी तक्रारींत मंडळाचा निर्णय येईपर्यंत सेवकाने व्यासपीठावर उभे राहू नये आणि फेलोशिपच्या कोणत्याही मंडळीने त्याला बोलावू नये. ही शेवटची अट पाळली गेली तरच बाकीच्यांना अर्थ आहे. नाहीतर अंबडमध्ये थांबवलेला माणूस पुढच्या रविवारी मंठ्याला संदेश देताना दिसतो, तिथल्या लोकांना काही माहीत नसते, आणि मागे राहिलेल्या तक्रारदार कुटुंबाला शेजारच्या गावात तोंड दाखवणे कठीण होते.

हे सुरू कोणी करायचे यावरही वाद होईल. मला वाटते, खालच्या, नव्या, एका मंडळीच्या पास्टरवर हे ओझे टाकू नये. त्याच्याकडे ना वकील आहे ना ओळखी. त्याने एकट्याने वही उघडली तर मोठे पुढारी त्यालाच शहाणा ठरवतील. दहा मंडळ्या ज्याला ‘अपोस्टल’ म्हणतात, ज्याचा फोटो फ्लेक्सवर सर्वांत मोठा असतो, त्याने येत्या कापणीच्या सणाला आपल्या मूळ मंडळीत उभे राहून स्वतःच्या घराचा, गाडीचा, परदेशी दौऱ्यांचा खर्च कोठून आला ते आधी सांगावे, आणि मग खाली बसून प्रश्न घ्यावेत. प्रश्न विचारायला मागच्या रांगेतली बाई उभी राहिली तर तिला बसवायला पुढे होणाऱ्या वडीलजनांना त्याने स्वतः थांबवावे.